तीन सह्यांचा अर्ज

माझी आई भांडखोर आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर कुणी आईवर लिहितोय म्हटलं की लोक वाचायच्या आधीच रुमाल शोधायला लागतात. आमच्या मायच्या बाबतीत रुमालाचं काम नाही. तिचं नाव बेबी. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात तिला तोंडावर बेबीबाई म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मी लहानपणीच ऐकलं आहे. माझे वडील रावसाहेब जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. अतिशय शांत माणूस. दोघांच्या संसारात बोलायचं सगळं काम मायनं एकटीनं उरकलं.

वडील २००५ साली गेले. मी तेव्हा सिंगापुरात इंजिनियर होतो, क्लेमेंटीत बाराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता, बायको सुलेखा इथेच एका बँकेत कामाला आणि मुलगी जान्हवी पहिलीत. गावात मायला बघायला कुणी नव्हतं. पोरगा परदेशात आणि आई गावात एकटी, असं चारचौघांत म्हटलं जाणार याची मला धास्ती होती. प्रेमही होतं, नाही असं नाही, पण किती प्रेम आणि किती धास्ती हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी तिचा सिंगापुरात राहायचा पास काढला आणि तिला घेऊन आलो.

चांगी विमानतळावरून टॅक्सीनं घरी आलो. तिनं ब्लॉकच्या खाली उभं राहून मान वर केली आणि सगळे मजले नजरेनं मोजले. मग मला विचारलं, "एवढ्या वर चढून काय पिकवायलास तू हितं?"

पहिले तीन महिने तिनं कुणाला सोडलं नाही. लिफ्टशी भांडली, कारण ती तिच्यासाठी थांबायची नाही. सुलेखाशी वरणावरून भांडली. सुलेखा मुंबईची, तिनं वरणात साखर घातली होती. जान्हवी इंग्रजीत उत्तर द्यायची, म्हणून तिच्याशी भांडली. आणि दर रविवारी सकाळी चहाच्या वेळी ठरलेलं वाक्य, "मला वापस धाड." मी दर रविवारी पुढच्या महिन्यात बघू म्हणायचो.

मग एका दुपारी ती खालून वर आली ती हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. आमच्या ब्लॉकच्या मागे, इमारत आणि पावसाच्या पाण्याचा मोठा नाला यांच्यामध्ये, उताराची एक पट्टी होती. शंभरेक पावलं लांब. सिंगापुरात गवत कापणारी माणसं इतकी वेळेवर येतात की कुठलं गवत घोट्याच्या वर जात नाही, पण उतारामुळे तिथं मशीन नीट चालायचं नाही आणि ती पट्टी बऱ्यापैकी राहून जायची. मायला तिथं केना सापडला होता. घोळ सापडली होती. काटेमाठही. सगळ्या आमच्या गावाकडच्या रानभाज्या. पिशवी ओट्यावर उपडी करताना तिचा चेहरा मी पाहिला. परक्या गावच्या स्टँडवर ओळखीचं माणूस दिसल्यावर होतो तसा.

तिनं केना बारीक चिरला, मुगाची डाळ आणि ठेचलेला लसूण घालून भाजी केली. वास सगळ्या घरात पसरला आणि माझी भूक मेली.

आता हे सांगायलाच हवं. मी तालुक्याच्या शाळेत जायचो तेव्हा माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि पावसाळाभर तरोटा नाहीतर केना असायचा. सगळ्यांसमोर डबा उघडला की पुढच्या बाकावरची पोरं नाक धरायची. एक जण म्हणायचा, यांच्यात गवत खातात, अजून थोड्या दिवसांनी शेण खातील. मास्तर हसायचे नाहीत, पण ऐकू आलं नाही असं दाखवायचे. मी शाळेच्या मागच्या भिंतीला पाठ लावून जेवायला लागलो आणि आठवीपासून डबाच बंद केला. पुढे जे काही शिकलो, इंजिनियरिंग, शिष्यवृत्ती, परदेश, ते सगळं त्या डब्यापासून लांब जायला. बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरात ते मी सगळ्यात मनावर घेतलं होतं. आणि बाराव्या मजल्यावरच्या माझ्या टेबलावर तीच भाजी वाफाळत होती.

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, माय, इथं असलं काही नको, लोक बघतात, बाजारात ताजा पालक मिळतो.

ती म्हणाली, "पालक काय, पाणी हाय नुसतं. बहात्तर साली मी खडी फोडायला जायचे तवा तुला पालकानं न्हाई जगवलं. केन्यानं जगवलं. खा मुकाट."

मी खाल्लं नाही. जान्हवीनं दोनदा घेतली. आणि त्यानंतरच्या रविवारी मायनं वापस धाड म्हटलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त पिशवी दिसत होती.

त्या पट्टीवर माय एकटी नव्हती. तिसऱ्या मजल्यावर सलमाह नावाची मलय बाई राहायची, मायच्याच वयाची, विधवा. सगळी पोरं तिला मकचिक म्हणायची, म्हणजे मावशी. तिचं लहानपण झाडीतल्या वाडीत गेलेलं. ती वाडी उठवून सरकारनं फार पूर्वी सगळ्यांना इमारतींत घातलं होतं. तळमजल्यावर को नावाचे चिनी आजोबा, निवृत्त बसचालक, दिवसभर खुर्चीवर बसलेले. मकचिक त्या पट्टीवरून गोल पानांचा पेगागा नावाचा वेल न्यायची आणि कच्चाच भाताबरोबर खायची. को आजोबांनी कडेला रताळ्याचे वेल लावले होते आणि ते कसल्या कसल्या बारीक झुडपांचा उष्णता उतरवणारा काढा करायचे.

या तिघांची मैत्री झाली असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. ते भांडायचे. पहिल्याच आठवड्यात मकचिकनं वाटेत येतो म्हणून मायचा केना मुळासकट उपटला आणि मायनं तिच्या पिशवीत हात घालून तो परत घेतला. एक मराठीत ओरडत होती, दुसरी मलयमध्ये. जान्हवीनं वर येऊन आम्हाला बातमी दिली, "आज्जी शाउट, मकचिक शाउट, देन बोथ गो होम. टुमॉरो सेम सेम लाह." आणि खरंच दुसऱ्या दिवशी तेच झालं. माय मकचिकला चोरटी म्हणायची आणि को आजोबांना गोगलगाय. ते तिला काय म्हणायचे ते कळायला मार्ग नव्हता, पण चांगलं नक्कीच म्हणत नसणार.

मायचा एक नियम होता, तिच्या आईकडून आलेला. मूठभर खुडलं तर चिमूटभर ठेवायचं, शेंडा खुडायचा पण मूळ उपटायचं नाही, आणि प्रत्येक जातीचं सगळ्यात मोठं रोप बियाला सोडायचं, त्याला हात लावायचा नाही. असल्या रोपाला ती दोरा बांधायची. तिच्या लुगड्याच्या काठाचे जांभळे दोरे त्या पट्टीवर सगळीकडे दिसायचे. हा नियम तिनं बाकीच्या दोघांवर हातवारे करून आणि खेकसून लादला. त्यांनीही आपले नियम तिच्यावर लादले. उताराच्या तळाशी ओल असायची, तिथं पाय ठेवला की मकचिक अंगावर यायची. को आजोबांच्या झुडपांना फुलं असेपर्यंत कात्री लावायची नाही, लावली तर ते खुर्चीवरून उठायचे, आणि ते उठले म्हणजे प्रकरण गंभीर असायचं. एकाचं तण ते दुसऱ्याचं कालवण, अशी त्या जागेची गत होती. कुणालाच काही उपटता येत नव्हतं, कारण प्रत्येक गोष्टीला कुणीतरी मालक होता.

हे मला कळलं ते उन्मेषमुळे. हा पुण्याचा मुलगा, युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, शेजारच्या ब्लॉकमध्ये एका खोलीत भाड्यानं राहायचा. २००८ च्या सुरुवातीला मी त्याला पहिल्यांदा त्या उतारावर गुडघे टेकून बसलेलं पाहिलं. लोखंडी चौकट जमिनीवर ठेवून तिच्यातल्या वनस्पती मोजत होता. मायला वाटलं हा चौथा चोर. तिनं त्याला हाकललं, त्यानं मराठीत माफी मागितली, आणि मराठी ऐकून ती त्याला वर चहाला घेऊन आली. मला ते अजिबात आवडलं नाही.

तो चांगला मुलगा होता, हेच त्याचं वाईट होतं. त्यानं डोळे मोठे करून मला सांगितलं की मरीन परेड भागातल्या एका कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी सोसायटीच्या, हिरवळीवर त्याला सात जाती मिळाल्या, सेंगकांगच्या नव्या ब्लॉकांच्या मागे अकरा, आणि आमच्या या शंभर पावलांत चोपन्न. आधी त्याला वाटलं गवत कापत नाहीत म्हणून. पण नाल्याच्या पलीकडे तसाच उतार होता, तिथंही मशीन जायचं नाही, आणि तिथं एकाच जातीच्या वेलानं सगळं गिळून टाकलं होतं. इथं तीन वेगळ्या लोकांची तीन वेगळी जेवणं होती आणि त्यांनी मिळून हे राखलं होतं. माणसांची एक रीत मेली की तिच्याबरोबर चार झाडं जातात, काकूंना जे माहीत आहे ते अनमोल आहे, असं बरंच काही तो बोलला.

मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "उन्मेष, तुला ही विविधता वाटते. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही हे खाल्लं. तुझ्या आजीला केना माहीत होता का?"

त्यानं प्रामाणिकपणे नाही म्हटलं. आणि माझं वाक्य त्याच्या वहीत लिहून घेतलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माय स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर येऊन मला म्हणाली की पाहुण्याशी असं बोलत्यात व्हय, आणि त्याला घोळीची भाजी वाढली. त्यानं बोटं चाटून खाल्ली.

एप्रिलमध्ये आमची जयंती झाली. इथले आपले लोक, इंजिनियर, संशोधक, सगळे दरवर्षी एका हॉलमध्ये जमतात. मी त्या वर्षी सेक्रेटरी होतो आणि मी भाषणही केलं, शिक्षण या विषयावर. आपल्या आईबापांना अर्ज लिहिता येत नव्हता, आज आपण जगाच्या भाषेत लिहितो, असं एक वाक्य मी त्यात घातलं होतं. टाळ्या पडल्या. माय पहिल्या रांगेत पांढरं लुगडं नेसून बसली होती आणि तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, म्हणाली, बोलायला काय लागतं, तुहा बाप बोलत नव्हता, करत होता. हे तिचं नेहमीचं होतं. मी बापावर गेलो नाही, हे तिनं मला दहावीच्या निकालापासून ऐकवलेलं आहे.

त्यानंतर पंधराएक दिवसांत ऑफिसमध्ये अभय माझ्या टेबलाशी आला. हा माझा सहकारी, कोल्हापूरकडचा, दोनदा आमच्या घरी जेवून गेलेला. त्याच्या हातात एक छापील पत्रक होतं, परिसरातल्या निसर्गावरचं, कुठल्याशा संस्थेनं वाटलेलं. त्यात उन्मेषचा लेख होता आणि फोटो होता. चेहरा नव्हता, तेवढं मायनं त्याला बजावलं होतं. वाकलेली पाठ, नऊवारी लुगडं, खुडणारे दोन हात. सगळ्या क्लेमेंटीत नऊवारी नेसणारी बाई एकच होती.

अभय हसून म्हणाला, "या तुझ्या आई ना? अरे, ही भाजी आमच्याकडे गुरं राखणारे आणि वाड्याखालचे लोक खायचे. आता बघ, पेपरात आली."

त्याच्या मनात काही नव्हतं. वाड्याखालचे लोक म्हणजे कोण आणि हे आपण कुणाला सांगतोय, हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो पत्रक माझ्या टेबलावर ठेवून कॉफी आणायला गेला. मी पुन्हा आठवीत होतो, पाठ भिंतीला, डबा मांडीवर.

मला अभयला मारायचं होतं. उन्मेषला मारायचं होतं. सगळ्यात जास्त राग मायचा आला, की जे मी तीस वर्षं गाडत होतो ते तिनं वाकून वाकून परत खुडून आणलं. मी कॉम्प्युटरवर टाउन कौन्सिलचं तक्रारीचं पान उघडलं. लिहिलं की ब्लॉकच्या मागे झाडोरा माजला आहे, त्यात पाणी साचतं, डास होतात, घरात लहान मूल आहे. पाणी साचत नव्हतं, उतारावर पाणी कसं साचेल? डास नव्हते. पण सिंगापुरात राहणाऱ्याला माहीत असतं की डेंग्यूच्या धास्तीमुळे डास हा शब्द लिहिला की बाकी काही लिहावं लागत नाही. खाली नाव, फ्लॅट नंबर, फोन. पाच मिनिटं लागली नाहीत.

आठवड्याच्या आत लिफ्टपाशी नोटीस लागली. रहिवाशाच्या तक्रारीवरून मागचा उतार अमुक तारखेला साफ करून तिथं एकसारखं गवत लावण्यात येईल. जान्हवीनं ती आज्जीला वाचून दाखवली आणि तोडक्यामोडक्या मराठीत सांगितली. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माय जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी ओरडा ऐकायची तयारी करूनच आलो होतो. ती ओरडली नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

म्हणाली, "अर्ज लिही."

इथं माझ्या वडिलांचं सांगायला हवं. आमच्या गावाला गायरान होतं, त्यातला तुकडा आमच्या वस्तीला मिळावा म्हणून वडिलांनी अकरा वर्षं अर्ज केले. तहसीलला, जिल्ह्याला, एकदा थेट मुंबईला. शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घ्यायचे, पुढे स्वतः लिहायला शिकले, पायी जाऊन द्यायचे आणि पोच घेऊन यायचे. जमीन मिळाली नाही. मायनं त्यांना आयुष्यात हजार गोष्टींवरून बोलून घेतलं, पण अर्जांवरून कधी एक शब्द काढला नाही. पोचपावत्या तिनं पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या, त्यावर बसायचं नाही, पाय लावायचा नाही.

मी कागद घेतला. ती सांगत होती, मी इंग्रजीत उतरवत होतो. "लिही. हे गवत न्हाई, हे खायचं हाय. लिही की कुणाला नको असंल तर त्यानं खाऊ नये, पर आमच्या ताटातलं दुसऱ्यानं काढू नये. लिही की चोरटीचा येल बी ठेवा आन गोगलगायीची झुडपं बी ठेवा. नुसतं महं ठेवा म्हणलं तर ते न्हाई जगायचं." शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं, मी नीट लिहितोय ना म्हणून.

मी नीट लिहिलं. हे सांगताना मला लाज वाटते, पण मी इतकं चांगलं इंग्रजी आयुष्यात दुसऱ्यांदा लिहिलेलं नाही. उन्मेषचे सात, अकरा आणि चोपन्न घातले. पाणी साचत नाही, डास नाहीत, हेही घातलं. स्वतःच्या तक्रारीला मी स्वतः मुद्देसूद उत्तर दिलं. जान्हवीनं तो मोठ्यानं वाचला आणि आज्जीला समजावला. मायनं मान हलवली आणि प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली आपली सही केली, बेबी रावसाहेब, एकेक अक्षर थांबून. मग कागद घेऊन खाली गेली. ज्या बाईला दोन वर्षं चोरटी म्हणत होती तिच्या दारात ती पहिल्यांदा उभी राहिली. मकचिकनं वळणदार रोमन अक्षरांत सही केली, को आजोबांनी तीन चिनी अक्षरं काढली. माय तो कागद दोन्ही हातांत धरून वर आली आणि माझ्या हातात दिला.

मी तो ऑफिसच्या बॅगेत ठेवला. तक्रार ज्या फ्लॅट नंबरवर होती त्याच नंबरवरून हा अर्ज जाणार होता. तिथला कारकून दोन्ही कागद शेजारी ठेवेल आणि मला फोन करील, या विचारानं माझे कान तापले. तक्रार मागे घेता आली असती. एक फोन पुरला असता. तो मी रोज उद्यावर ढकलला, आणि खरं सांगायचं तर आतमध्ये कुठंतरी अजूनही वाटत होतं की जाऊ दे, साफ होऊ दे, एकदाचं संपू दे. तिसऱ्या दिवशी मायनं विचारलं, दिलास का? मी म्हटलं, दिला. पोच? मी म्हटलं, इथं पोच देत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर असतं. तिला ते पटलं नाही, पण मुलगा शिकलेला होता.

ठरल्या तारखेला माणसं आली. लहान मशीनं पाठीला बांधून, उतारावर दोर लावून त्यांनी दुपारपर्यंत सगळं जमिनीलगत आणलं. मी रजा टाकली होती, का ते माझं मलाच कळलं नाही. मी वरून बघत होतो. माय खाली नाल्याच्या कठड्याला टेकून उभी होती, तिच्यापासून चार हात लांब मकचिक, आणि को आजोबांनी खुर्ची ओढून तिथं आणली होती. तिघं एकमेकांशी बोलत नव्हती. कापलेल्या गवताचा वास बाराव्या मजल्यापर्यंत आला. माय वर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत काही नव्हतं. ती नीट घडी करून तिनं ओट्याखाली ठेवली.

पाच आठवड्यांनी उन्मेष चौकट घेऊन मोजायला आला. आठ जाती. त्याचा चेहरा लाल झाला होता, तक्रार कुणी केली ते शोधून काढतो म्हणाला. मी सोफ्यावर बसून होतो. मायनं त्याला चहा दिला आणि म्हणाली की कुणी का असंना, त्याच्या पोटात काही दुखत असंल.

नंतर ती तिघं भेटलीच नाहीत. भांडायला काही उरलं नव्हतं. मकचिक लिफ्टमध्ये दिसली तर माय मान वळवायची आणि मकचिक मजल्यांच्या आकड्यांकडे बघायची. घरात वरणात साखर पडली तरी माय गप्प जेवायची. त्या शांततेनं मी आणि सुलेखा दोघंही घाबरलो. जूनमधल्या एका रविवारी तिनं मला परत पाठव म्हणून सांगितलं, एकदाच, आणि मी पुढच्या महिन्यात बघू म्हटलं नाही.

विमानतळावर सुलेखा आणि जान्हवी तिला मिठी मारून बाजूला झाल्या. माय तिचं बोचकं सारखं करत होती. मी तिचे कागद तपासत होतो, पासपोर्ट, तिकीट, सगळं माझ्या ऑफिसच्या बॅगेत होतं. पुढच्या कप्प्यात हात घातला तर बोटांना तो कागद लागला. चार घड्या घातलेला, तीन सह्यांचा. मी हात काढून घेतला आणि मागच्या कप्प्यातून पासपोर्ट काढला.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अर्ज चांगला लिव्हला हुतास. पोरीनं वाचला तवाच मला कळलं." मग बोचक्याची गाठ पुन्हा आवळली. असं काही बोलायची तिला सवय नव्हती. "तुह्या बापाचे बी वाया गेले. वाया जाऊ दे. देणारानं दिला, त्याचं काम झालं. मी आजवर म्हणत आले, तू बापावर न्हाई गेलास. चुकले मी. बापावरच गेलास."

पासपोर्ट घेऊन ती आत गेली, मागे वळून बघितलं नाही. आता ती गावात आहे, ठणठणीत आहे, सगळ्या गल्लीशी भांडते आणि आपल्या लेकानं सिंगापूरच्या सरकारला कसा अर्ज दिला ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मायनं दुसऱ्या कुणापुढे चूक कबूल केलेली मी ऐकलेली नाही. त्या दिवशी माझ्यापुढे पहिल्यांदा केली, आणि नेमकी तिथंच ती चुकली.